बाळ टीव्ही बघतं तेव्हा त्याला काय दिसतं?

माझी भाची नऊ महिन्यांची असतानाची गोष्ट. तिला दात येत होते. रात्रभर रडून तिने घर डोक्यावर घेतलं होतं आणि सकाळी दमलेल्या बहिणीने टीव्हीवर लहान मुलांची गाणी लावली. रडं क्षणात थांबलं. तोंड अर्धवट उघडं, हातातला खुळखुळा हवेतच, नजर पडद्यावर खिळलेली. "बघ, किती आवडतंय तिला," बहीण म्हणाली, "सगळं कळतं बरं का!" तेवढ्यात गाणं संपलं आणि मोटारीची जाहिरात लागली. तीही भाचीने तशीच, तोंड उघडं ठेवून, तितक्याच मन लावून पाहिली.

त्या जाहिरातीने मला विचारात पाडलं. तिला ते गाणं आवडत होतं, तर मोटार आल्यावर तिची नजर हलायला हवी होती. ती हलली नाही. म्हणजे तिला धरून ठेवणारं काहीतरी वेगळंच होतं. बाळाला टीव्ही दाखवावा की नाही, हा प्रश्न आई-बाबा डॉक्टरांना विचारतात, आजी-आजोबांशी त्यावरून वाद घालतात, आणि उत्तर बहुतेक वेळा "अजिबात नको" किंवा "काही होत नाही गं, आमची मुलं नाही का मोठी झाली" असं एका वाक्यात मिळतं. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. त्या पडद्यासमोर बाळाचं नेमकं काय होतं, ते आधी समजून घेऊ.

अचानक आवाज झाला, काही चमकलं, काही हललं, की आपली मान आपोआप तिकडे वळते. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी या प्रतिक्रियेला "हे काय आहे?" असं बोलकं नाव दिलं होतं. ही प्रतिक्रिया जन्मजात असते आणि धोका वेळेवर कळण्यासाठी ती फार कामाची आहे. लहान मुलांच्या कार्यक्रमात काय असतं? भडक रंग, उड्या मारणारी चित्रं, मध्येच टुणकन वाजणारा आवाज, काही सेकंदांत बदलणारं दृश्य. बाळाने "हे काय आहे?" म्हणून बघावं, आणि त्याचं बघून संपायच्या आत पुढचं "हे काय आहे?" समोर यावं. मोठ्या माणसाला ठरवून नजर काढून घेता येते. अगदी तान्ह्या बाळांना, पहिल्या तीन-चार महिन्यांत, एकदा चिकटलेली नजर सोडवणंच जड जातं. नंतर ते जमू लागतं, पण सारख्या बदलणाऱ्या पडद्यासमोर नाही. त्यामुळे बाळ एकटक बघतंय यावरून त्याला आवडतंय, कळतंय किंवा ते शिकतंय, यातलं काहीच ठरत नाही.

मग त्याला दिसतं तरी काय? जन्मल्यावर बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं. कुशीत घेतल्यावर आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो, तेवढंच हे अंतर. पुढच्या काही महिन्यांत नजर सुधारत जाते, पण चित्र म्हणजे काय हे कळायला आणखी बराच वेळ लागतो. नऊ महिन्यांच्या बाळासमोर बाटलीचा फोटो असलेलं पुस्तक ठेवून बघा. ते फोटोतली बाटली बोटांनी चिमटीत पकडायला बघतं, कागद खरवडतं, हात आपटतं. दीड वर्षाच्या आसपास हा प्रकार थांबतो आणि मूल चित्राकडे बोट दाखवू लागतं. "ही बाटली नाही, हे बाटलीचं चित्र आहे" ही आपल्याला क्षुल्लक वाटणारी गोष्ट समजायला बाळाला दीड वर्ष लागतं. आणि टीव्हीवर तर ते चित्र पळत असतं, मध्येच नाहीसं होतं, मोठं होतं, पुन्हा वेगळ्या बाजूने दिसतं.

चित्र हे चित्र आहे हे कळल्यावरही एक मोठी पायरी उरते. चित्रातली माहिती खऱ्या जगात वापरायची कशी? १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक सुंदर प्रयोग आहे, जॉर्जीन ट्रोसेथ आणि ज्युडी डीलोश यांचा. शेजारच्या खोलीत एक खेळणं लपवलं जात होतं आणि दोन वर्षांची मुलं ते टीव्हीवर बघत होती. मग मुलांना त्या खोलीत नेऊन "शोध बरं" म्हटलं की बहुतेकांना ते सापडेना. तेच लपवणं खिडकीतून बघितलेल्या मुलांनी मात्र सरळ जाऊन खेळणं काढलं. यापुढची युक्ती मला फार आवडते. संशोधकांनी खिडकीच्या चौकटीमागे टीव्ही अशा बेताने ठेवला, की मुलांना आपण खिडकीतूनच बघतोय असं वाटावं. आता दृश्य टीव्हीवरचंच होतं, तरी कितीतरी जास्त मुलांना खेळणं सापडलं. म्हणजे डोळ्यांना दिसण्यात अडचण नव्हती. टीव्हीवर जे दिसतं त्याचा आपल्या जगाशी संबंध आहे, असं त्या मुलांना वाटतच नव्हतं. अडीच वर्षांच्या मुलांना हाच खेळ टीव्हीवरूनही बऱ्यापैकी जमतो. सहा महिन्यांत एवढा फरक पडतो.

लहान मुलं पडद्यावरून काहीच उचलत नाहीत असं नाही, हेही सांगायला हवं. सव्वा वर्षाचं मूल टीव्हीवर बघितलेल्या साध्या कृतीची नक्कल करू शकतं, हे १९८० च्या दशकातच दिसलं होतं. पण तीच कृती समोर बसलेल्या माणसाने करून दाखवली, तर शिकणं कितीतरी सोपं आणि पक्कं होतं. पडद्यावरून शिकताना होणारी ही तूट साधारण तीन वर्षांपर्यंत कमी-जास्त प्रमाणात टिकते.

भाषेच्या बाबतीत ती सगळ्यात ठळक दिसते. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना, ज्यांच्या घरी फक्त इंग्रजी बोललं जात होतं, चिनी मँडरीन भाषा ऐकवायची. काही बाळांपुढे मँडरीन बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून पुस्तकं वाचायची, खेळणी हलवायची, बाळाकडे बघून बोलायची. अशा १२ बैठका झाल्या. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्तींचं तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं. तिसऱ्या गटाला नुसता आवाज ऐकवला. शेवटी मँडरीनमधले कानाला सारखे वाटणारे दोन आवाज वेगळे ओळखता येतात का, हे तपासलं. प्रत्यक्ष माणसाबरोबर बसलेल्या बाळांना ते छान जमलं. व्हिडिओवाली आणि नुसत्या आवाजवाली बाळं मात्र मँडरीन कधीच न ऐकलेल्या बाळांच्याच पातळीवर राहिली. शब्द तेच, आवाज तोच, बैठका तेवढ्याच.

मग त्या प्रत्यक्ष बसलेल्या व्यक्तीत असं काय होतं? हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. दहा महिन्यांच्या बाळाच्या हातात चमचा द्या आणि त्याला उंच खुर्चीत बसवा. ते चमचा खाली टाकतं. टण्ण आवाज होतो. बाळ खाली बघतं आणि लगेच मान वर करून तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. तुम्ही म्हणता, "पडला! चमचा पडला!" भुवया वर, डोळे मोठे. बाळ हसतं. तुम्ही चमचा उचलून देता. पुन्हा टण्ण. या वेळी ते चमचा पडायच्या आधीच तुमच्याकडे बघतं, कारण आता तुम्ही काय म्हणणार ते त्याला माहीत आहे. चौथ्या-पाचव्या वेळी तुमच्याबरोबर त्याच्याही तोंडून "प..." असं काहीतरी निघतं. या दोन मिनिटांत ते काय काय शिकलं बघा: वस्तू खाली पडते, पडली की वाजते, त्या वस्तूला चमचा म्हणतात, माझ्या करण्याने आईचा चेहरा बदलतो, आणि मी आवाज काढला की मला उत्तर मिळतं. "चमचा" हा शब्द त्याला बरोबर त्या क्षणी ऐकू आला, ज्या क्षणी त्याचं सगळं लक्ष चमच्यावर होतं.

टीव्हीला हे जमत नाही. बाळ रडलं, हसलं, मान फिरवून बसलं, तरी गाणं आपल्या गतीने पुढे जातं. बाळ बघत असतं पंख्याकडे आणि टीव्ही म्हणत असतो "हत्ती". कार्यक्रम करणारा कितीही हुशार असला, तरी या बाळाची नजर आत्ता कुठे आहे हे त्याला कळणार कसं?

हे पटलं की व्हिडिओ कॉलचं कोडंही सुटतं. "मग आजीशी फोनवर बोलायचंही नाही का?" असं बरेच जण काळजीने विचारतात. जरूर बोलायचं. पडद्यावरची आजी बाळाचं नाव घेते, बाळ हसलं की हसते, भोऽक केलं की भोऽक करते. दोन वर्षांच्या आगेमागे असलेल्या मुलांना व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकवता येतात आणि त्याच बोलण्याच्या रेकॉर्डिंगवरून येत नाहीत, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. पडदा तोच असूनही फरक पडला तो समोरून येणाऱ्या उत्तरामुळे. कॉलवर बाळाला एकटं बसवू नका एवढंच. "आजी काय म्हणाली? टाटा म्हणाली!" असं शेजारून कुणी बोललं, की बाळाला धागा सापडतो.

बाळांसाठी म्हणून वेगळे कार्यक्रम ही फार जुनी गोष्ट नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला 'सेसमी स्ट्रीट' शाळेच्या उंबरठ्यावरच्या, म्हणजे तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी होता आणि त्या वयाच्या मुलांना त्याचा फायदा झाल्याचे चांगले पुरावे आहेत. १९९७ मध्ये बीबीसीने 'टेलीटबीज' आणला तो वर्षभराच्या बाळांपासून पुढच्यांसाठी. त्याच सुमारास अमेरिकेत 'बेबी आइनस्टाइन' नावाचे व्हिडिओ आले आणि बाळाला हुशार करण्याच्या नावाखाली अशा व्हिडिओंचा मोठा बाजार उभा राहिला. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९९ मध्येच दोन वर्षांखालच्या मुलांना टीव्ही नको असं सांगितलं होतं, पण बाजार थांबला नाही. २००८ मध्ये फ्रान्सच्या प्रसारण नियामकाने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी म्हणून कार्यक्रम दाखवायला फ्रेंच वाहिन्यांना मनाई केली. २००९ मध्ये, तोवर 'बेबी आइनस्टाइन'ची मालक झालेल्या डिस्नेने पालकांना डीव्हीडी परत करून पैसे घ्यायची मुभा दिली.

अशा डीव्हीडीने शब्द वाढतात का, हे २०१० मध्ये डीलोश आणि सहकाऱ्यांनी तपासलं. एक ते दीड वर्षाची मुलं, चार आठवडे, घरच्या घरी. काहींनी डीव्हीडी एकट्याने पाहिली, काहींनी आई-बाबांबरोबर. तिसऱ्या गटात डीव्हीडी नव्हतीच. त्या आई-बाबांना त्यातल्या शब्दांची यादी दिली आणि रोजच्या वागण्याबोलण्यात जमेल तसे ते शब्द वापरा, असं सांगितलं. चौथ्या गटात यातलं काहीच नव्हतं. डीव्हीडी बघणारी मुलं चौथ्या गटापेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. सगळ्यात जास्त शिकली ती यादीवाल्यांची मुलं. आणि ज्या पालकांना ती डीव्हीडी स्वतःला आवडली होती, त्यांना आपलं मूल तिच्यातून पुष्कळ शिकलं असं वाटत होतं. मला इथे माझी बहीण आठवते. ती खोटं बोलत नव्हती. मूल चार आठवड्यांत असंही वाढतंच, आणि श्रेय समोर दिसणाऱ्या गोष्टीला जातं.

आता जरा सावध राहण्याची जागा. "टीव्हीमुळे मुलं उशिरा बोलतात" अशा बातम्या वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: आधी काय झालं? २००७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांना असं आढळलं, की ८ ते १६ महिन्यांच्या ज्या मुलांना बाळांचे व्हिडिओ दाखवले जातात, त्यांना कमी शब्द कळतात. त्यावर खूप चर्चा झाली. पुढे इतर संशोधकांनी तीच माहिती वेगळ्या पद्धतीने तपासली तेव्हा हा संबंध तितका पक्का दिसला नाही. शिवाय अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. जे बाळ सारखं किरकिरतं, झोपत नाही, त्याला शांत करायला टीव्ही जास्त लावला जातो, हेही संशोधनात दिसलंय. घरात मदतीला कुणी नसेल, आई आजारी असेल, तरी तेच. त्यामुळे टीव्ही जास्त आणि शब्द कमी, या दोन्हींमागे तिसरंच काही असू शकतं. टीव्हीमुळे ऑटिझम होतो असं म्हणून आई-बाबांना घाबरवणाऱ्यांचा मला राग येतो. तसं सिद्ध झालेलं नाही, आणि आधीच खचलेल्या घरावर हा आरोप फार क्रूर आहे.

म्हणून माझ्या दृष्टीने सगळ्यात वजनदार पुरावा बाळांच्या कार्यक्रमांबद्दलचा नाहीच. तो आहे कोपऱ्यात चालू राहणाऱ्या, मोठ्यांच्या टीव्हीबद्दलचा. "ती कुठे बघते, तिची आपली ती खेळत असते," असं आपण म्हणतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन तासभर खेळू दिलं. त्यातला अर्धा तास खोलीत मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालू होता. मुलं त्याकडे अधूनमधून, तेही क्षणभरच बघत होती. तरीही त्यांचा खेळ तुटक झाला. एका खेळण्यावर रमण्याचा वेळ घटला. टीव्ही त्यांच्यासाठी नव्हता, त्यांना कळत नव्हता, पण प्रत्येक टाळी आणि प्रत्येक संगीत "हे काय आहे?" म्हणत त्यांची मान वळवत होतं.

मोठ्यांचं काय होतं, ते २००९ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. दोन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांत छोटं रेकॉर्डिंग यंत्र ठेवून दिवसभराचे आवाज टिपले. टीव्ही ऐकू येत असलेल्या प्रत्येक तासामागे मोठ्यांचे सुमारे ७७० शब्द मुलाच्या कानावर कमी पडले. मुलाचं स्वतःचं बोलणं, आवाज काढणंही कमी झालं. कुणी मुद्दाम गप्प बसत नाही. टीव्ही चालू असला की आपण "हं" म्हणतो, मान हलवतो, आणि बाळाचा "अं?" तसाच विरतो. चमचा पडतो, बाळ मान वर करतं, आणि आपली नजर मालिकेत असते. हातातल्या मोबाइललाही हे तंतोतंत लागू आहे.

अधिकृत सल्ला काय आहे, हे थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या: दुसरा वाढदिवस होईपर्यंत बसून पडदा बघणं नको, पुढे दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही कमी असेल तेवढा चांगला. अमेरिकन अ‍ॅकॅडमीने २०१६ मध्ये आपला सल्ला थोडा बदलला. त्यांच्या मते दीड वर्षापर्यंत व्हिडिओ कॉल सोडून काही नको. दीड ते दोनमध्ये दाखवायचंच असेल तर चांगलं निवडून, सोबत बसून. ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने मात्र २०१९ मध्ये तासांची मर्यादा घालायला नकार दिला. तेवढा पुरावा नाही असं त्यांचं म्हणणं होतं. त्याऐवजी पडद्यामुळे झोप, खाणं, घरातलं एकत्र असणं बिघडतंय का, हे घरच्यांनी बघावं असं त्यांनी सुचवलं. मला हे सल्ले एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. दीड वर्षाखालच्या बाळाला टीव्हीतून फारसं काही मिळत नाही, यावर फारसा वाद नाहीच. वाद आहे तो किती मिनिटांनी नुकसान होतं यावर.

आणि म्हणून, घरात एकटी असलेली आई अंघोळ करून येईपर्यंत बाळाने पंधरा मिनिटं गाणी पाहिली, तर त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. त्या पंधरा मिनिटांनी तिला पुढचे दोन तास हसून बोलायचं बळ मिळत असेल तर बाळाचाही फायदाच आहे. पण एवढंच कबूल करावं की ती सोय आईसाठी आहे. शिक्षण म्हणून लावला की तासांवर तास जातात, सोय म्हणून लावला की काम झाल्यावर बंद करायची आठवण राहते. शक्य असेल तेव्हा दुसरी सोय करून बघा. आठ-दहा महिन्यांच्या बाळाला जमिनीवर बसवून एक रिकामा डबा, त्याचं झाकण आणि दोन चमचे दिले तर ते पुष्कळ वेळ रमतं, आणि आवाज येतोय तोवर ते काय करतंय हे तुम्हालाही कळतं.

दोन ठिकाणी मात्र मी हट्ट धरीन. भरवताना पडदा नको. पडद्यात गुंगलेलं बाळ तोंड उघडत राहतं, पण पोट भरलं की मान फिरवायची, तोंड मिटायचं, ही त्याची जन्मजात खूण दबून जाते, आणि पुढे पडद्याशिवाय घासच जात नाही. दुसरं, झोपवताना नको. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात मिळून १२ ते १६ तास झोप लागते, आणि झोपेच्या तोंडावर तो लखलखाट बाळाला जागं ठेवतो.

दोन वर्षांनंतर काय निवडावं? संथ असेल ते. एकच गोष्ट शेवटपर्यंत सांगणारं, प्रश्न विचारून मुलाने उत्तर द्यावं म्हणून थांबणारं. एकच भाग पुन्हा पुन्हा मागितला तर खुशाल दाखवा, त्या वयात पुन्हा बघण्यानेच समजतं. आणि नंतर त्यातलं काहीतरी घरात शोधा: "त्याचा चेंडू लाल होता ना? आपला कुठाय?"

शेवटचं सांगते ते बाकी सगळं विसरलात तरी लक्षात ठेवा. वर्षाचं होऊनही बाळ बा-बा, दा-दा अशी बडबड करत नसेल किंवा बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर "टीव्ही बंद केला की बोलेल" म्हणून वाट बघत बसू नका. टीव्ही बंद कराच, पण त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि बाळाची श्रवण तपासणी करून घ्या. ज्या बाळाला नीट ऐकू येत नाही, तेही टीव्हीकडे अगदी असंच एकटक बघतं.